नंबर कोणाच्या नावावर

अमरावतीतली भाड्याची खोली सोडून मी गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले. घर घेताना पाणी पाहिलं, लाईट पाहिली, पावसाळ्यात रस्त्यावर किती चिखल होतो तेही शेजारणीला विचारून घेतलं. मोबाईलला रेंज येते का, हे पाहायचं मात्र राहूनच गेलं. घरात रेंजची एक कांडी दिसायची नाही. बोलायचं तर गच्चीवर जायचं, आणि तिथेही पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहायचं.

माझं काम हारांचं. लग्नाच्या वरमाला, सत्काराचे हार, महालक्ष्म्यांच्या माळा मी घरी बसून करते. दोन बाया मदतीला येतात. ऑर्डर सगळ्या फोनवर. त्या वर्षी एका मुलीच्या वडिलांनी लग्नाच्या आदल्या दिवशी फोन केला होता. नवरदेवाला गुलछडीचा वास सोसत नाही, वरमाला नुसत्या गुलाबाच्या करा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी घरात गुलछडीच्या कळ्या ओवत बसले होते आणि फोन माझ्या शेजारी मुका पडला होता. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मंगलाष्टकं संपेपर्यंत शिंकत होता. मुलीचे वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, दहा डाव फोन लावला तुमाले." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या लेआउटमध्ये दुसऱ्या कंपनीची रेंज चांगली होती. शेजारीण म्हणाली, नवं सिम घेऊन टाका, काम खतम. पण मला नंबर तोच ठेवायचा होता. गिऱ्हाइकांनी नवा लिहून घेतला असता, त्यांची काळजी नव्हती. काळजी मायची होती.

माय चांदूर रेल्वेला माझ्या भावाकडे राहते. आमची तिथे विहिरीवरची थोडी बाग आहे, फुलं आणि भाजीपाला. मायला लिहिता-वाचता येत नाही. तिच्याकडे बटनांचा फोन आहे, आणि माझा नंबर तिच्या बोटाला पाठ आहे. आकडे विचारले तर सांगता येणार नाहीत, पण बोट बरोबर फिरतं. भावाने एकदा एका बटनावर माझा नंबर लावून दिला होता. मायने तो कधी वापरला नाही. म्हणाली, "एक बटन दाबलं अन् पोरगी बोलली, असं कुठं असते का?" नवा नंबर तिच्या बोटाला शिकवायला मी किती दिवस लावले असते, देव जाणे.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते हे मला माहीत होतं. गच्चीवरून मेसेज पाठवला, आठ अक्षरांचा कोड आला, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड घेतलं, फोटो काढला.

"नंबर तुमच्याच नावावर हाये ना, काकू?"

"मंग कोणाच्या असन? सोळा वर्षं झाली, मीच वापरून राहिली."

दोन दिवसांनी अर्ज नाकारल्याचा मेसेज आला. त्या मुलीने स्क्रीनवर पाहून सांगितलं की नाव जुळत नाही, आधी जुन्या कंपनीकडे जाऊन नंबर स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने बराच वेळ आकडे टिपले आणि म्हणाला, "मॅडम, नाव सांगता येत नाही मले. पण बाईचं नाही हाये."

मी तिथल्या खुर्चीवर बसले. त्याने न सांगितलेलं नाव मला कळलं होतं.

माझं लग्न अकोल्याला झालं होतं, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. फक्त बोलायचा नाही. सकाळी "येतो" आणि संध्याकाळी "वाढ" एवढे दोन शब्द झाले की दिवस झाला. मी मोठ्या खटल्यातली, बागेत दहा जण एकदम बोलणारी. पहिली काही वर्षं मला वाटलं, माझंच काही चुकतंय.

मग माय विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. मी तीन महिन्यांसाठी चांदूर रेल्वेला गेले. निघताना त्याने माझ्या हातात एक मोबाईल दिला. सिम त्यानेच आणलं होतं, स्वतःच्या कागदांवर. माझ्याकडे तेव्हा कसलाच कागद नव्हता. "लावत जाईन," म्हणाला.

आणि तो खरंच लावायचा. रोज, दुकान बंद केल्यावर. फोनवर तो वेगळाच माणूस होता. दुकानात कोण आलं, कोणी आरशात पाहून कोणती फ्रेम परत ठेवली, शेजारच्या गल्लीत कशावरून भांडण झालं, सगळं सांगायचा. एकदा तर एका म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली. मी मायच्या खाटेजवळ बसून पदर तोंडाला लावून हसले. वाटलं, आता आपलं जमेल. घरी परत गेले, त्याने दार उघडलं, म्हणाला, "आली का?" त्यापुढे पुन्हा तेच.

चार वर्षं आणखी काढली. मग दोघांच्या संमतीने फारकत घेतली. मूलबाळ नव्हतं. भांडण नव्हतंच, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. सामान निघालं, दागिने निघाले. फोन माझ्या पर्समध्ये होता, तो कोणाला आठवलाच नाही. त्यानंतर बारा वर्षं मी जो नंबर माझा म्हणून सगळ्यांना देत होते तो कागदावर त्याचा होता.

नंबर नावावर करून घ्यायला दोघांनी हजर राहायला हवं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन त्याच्या घरी फोन लावला. त्याने दुसरं लग्न केल्याचं ऐकून होते. फोन त्या बायकोनेच उचलला.

"कोण बोलून राहिलं?"

मी काय बोलायचं ते त्याच्यासाठी ठरवून ठेवलं होतं, तिच्यासाठी नाही. "मी अमरावतीहून बोलते," म्हटलं. "मी... आधीची."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हाव, समजलं. बोला ना. काही झालं का?"

"नाही, काही झालं नाही. एका सहीचं काम होतं."

"थांबा, देते. जेवून राहिले ते."

तो फोनवर आला आणि बोलायला लागला. मायचा पाय कसा आहे, विहिरीजवळचा मोगरा अजून फुलतो का, अकोल्यात ऊन किती तापलंय, दुकानात आता सगळ्यांना मोबाईल पाहूनच चष्मे लागतात. मी माझं काम सांगितलं.

"तोच नंबर? मले वाटलं, तू कधीचाच बदलला असशीन."

"नाही. मायले पाठ हाये न तो."

"हं. मंग सोमवारी ये. आमी येतो तिथं."

'आमी' हा शब्द माझ्या लक्षात राहिला.

सोमवारी मी एसटीने अकोल्याला गेले. कंपनीच्या ऑफिसबाहेर ती दोघं आधीच उभी होती. त्याचे केस पांढरे झाले होते. मला पाहून त्याने मान हलवली, म्हणाला, "आली का?" आणि गप्प झाला. ती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. अंगाने दणकट, कपाळावर घामाचे थेंब. तिनेच मला हाताला धरून आत नेलं, पंख्याखालची जागा पकडली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

काउंटरवर त्याच्या आधारची झेरॉक्स मागितली. तो खिसे चाचपायला लागला. तिने पिशवीतून तीन प्रती काढून ठेवल्या. "यायच्या खिशात कागद म्हणजे गेला," असं मला म्हणाली. त्याचा फोटो काढला, माझा फोटो काढला. नंबर कोणाच्या हाती आहे याची खात्री करायला माझ्या फोनवर आकडे आले, ते मी वाचून दाखवले. मग काउंटरवरच्या माणसाने न पाहताच विचारलं, "दोघांचं नातं काय?"

मी शेजारी त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होता. मला खरं बोलायला लाज वाटत नव्हती, पण ते एका शब्दात कसं सांगायचं ते सुचेना. मागे रांगेत माणसं होती.

"ओळखीच्या हायेत," ती म्हणाली.

"ओळखीच्या म्हणजे?"

"म्हणजे ओळखीच्या. चांगल्या ओळखीच्या. यायले देऊन टाकायचा हाये नंबर, त्याईले घ्यायचा हाये. अजून काय पायजे तुमाले?"

त्या माणसाने मान वर करून आम्हा तिघांकडे पाहिलं आणि काहीतरी टाइप केलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तिच्या नवऱ्याने सही केली. सही तीच होती, शेवटी खाली लांब रेघ ओढलेली.

मग बाहेरच्या हॉटेलात चहा घेतला. तो चहा पिऊन पान आणायला उठला तेव्हा मी तिला विचारलंच. इतकी वर्षं मनात होतं ते.

"तुमाले त्रास नाही होत का? यायच्या न बोलण्याचा?"

ती हसली. "होत होता ना. पैल्या वर्षी लय रडली मी. मंग म्हटलं, मरू दे. आता मीच बोलतो दोघाईचं. भाजीत मीठ कमी पडलं तर मीच म्हणतो कमी पडलं, अन् मीच म्हणतो चालते."

मीही हसले. मला त्या चार वर्षांत हे सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मला जमलं नसतं, हेही त्याच वेळी कळलं. माझं चुकलं नव्हतं आणि त्याचंही फारसं चुकलं नव्हतं.

तो पान घेऊन आला तशी ती एकदम म्हणाली, "आवो, माझा नंबर कोणाच्या नावावर हाये?"

"माझ्या," तो म्हणाला.

"मंग माझाबी करून टाका ना आजच. सगळे कागद हायेतच."

"काहून?"

"असंच."

त्याने पान तोंडात टाकलं. मग वळला आणि पुन्हा ऑफिसाच्या पायऱ्या चढला. ती पिशवी उचलून त्याच्या मागे गेली. जाताना मला म्हणाली, "बस सुटन तुमची, निंघा तुमी. पोचल्यावर फोन करा."

नावावर झालेला नंबर लगेच दुसरीकडे नेता येत नव्हता, थोडे दिवस थांबावं लागलं. मग पुन्हा मेसेज, पुन्हा कोड, पुन्हा तीच काउंटरवरची मुलगी. या वेळी अर्ज मंजूर झाला. एका सकाळी जुनं सिम बंद पडलं आणि दुपारपर्यंत माझ्याकडे फोनच नव्हता. त्या दिवशी आम्ही तिघी बाया शेवंतीची मोठी ऑर्डर करत होतो, कोणी हाक मारली नाही, कोणी ऑर्डर बदलली नाही. दुपारी नवं सिम टाकलं. स्वयंपाकघरात, ओट्याजवळ, फोनवर चार कांड्या उभ्या राहिल्या.

पुढच्या महालक्ष्म्यांना तिचा फोन आला. तिच्या नव्या, म्हणजे जुन्याच पण आता तिच्या नावाच्या नंबरावरून. अकोल्याला फुलं फार महाग झालीत, शेवंतीच्या दोन माळा बसने पाठवाल का, असं विचारत होती. माळा पाठवल्या. नंतर तिचा नंबर साठवून ठेवायला घेतला तेव्हा नावाच्या जागी काय लिहावं ते कळेना. थोडा वेळ विचार केला आणि 'अकोला' लिहून ठेवलं.