इस्तंबुलातली सोलकढी

इस्तंबूलमधली एक बाई माझी सोलकढी प्यायली, म्हणून मालवणात माझ्या जावेने भराडीदेवीला नवसाचं गाऱ्हाणं घातलं.

लेक मेघना आणि जावई तिकडे नोकरीला. आम्ही दोघं पहिल्यांदाच गेलो. मी जपून आगळाची बाटली नेली होती (कोकमाचा खारवलेला रस, ज्याशिवाय आमची सोलकढी होत नाही). ती बॅगेतच फुटली आणि ह्यांचे पांढरे सदरे गुलाबी झाले. सदऱ्यांचं काही नाही हो, आगळ गेलं!

मग मी तिथली थंड पेयं चाखत सुटले. आयरान प्यायले, तर आपलं ताक. चिंचेचं सरबत प्यायले, तेही आपलंच वाटलं. घोटाघोटाला "ह्यां तर आपलांच" म्हणत मी निम्मा तुर्कस्तान मालवण तालुक्यात घातला.

पण मेघनाची घरमालकीण नेरमीनबाई एकदा सहज म्हणाली, की जेवणाबरोबर प्यायला जगात आयरानच्या तोडीचं काही नाही. मी गोड हसले आणि लेकीला सांगितलं, "उद्या हिका जेवक बोलय. बांगडे तू तळ. सोलकढी माझी." मालवणची अब्रू आता एका पेल्यात होती, आणि आगळ सदऱ्यांवर!

सकाळी ह्यांना घेऊन बाजारात गेले. एका लोणचेवाल्याकडे मोठी बरणी दिसली. जांभळट लाल रस, आंबट-खारट वास. "अहो, आगळ!" मी ओरडलेच. दुकानदाराने माझ्याकडे पाहून विचारलं, "आजी?"

मी दर महिन्याला केस रंगवते. एवढे पैसे खर्चून इतक्या लांब हे ऐकायला आले? मी कोणाचीही आजी नाही, असं त्याला शुद्ध मराठीत सुनावलं. हे मात्र शेजारी मान हलवत होते. "येस, येस, आजी." दुकानदाराने खूश होऊन बाटली भरून दिली.

घरी डब्यातलं नारळाचं दूध घातलं, लसूण ठेचली, सवयीने दोन हिरव्या मिरच्याही वाटल्या. चव बघितली नाही. माझ्या सोलकढीची चव बघायची नसते, घ्यायची असते.

नेरमीनबाई आली. मेघना आत बांगडे तळत होती. बाईने अर्धा पेला एका दमात रिचवला. तिचे डोळे भरून आले. माझं मनगट धरून ती म्हणाली, "आजी." मग स्वयंपाकघराकडे हात करून, "चोक आजी!"

मेघनाने तिला आपले चार शब्द शिकवले होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरमालकिणीला आधी सांगितलं, आणि आईला पत्ता नाही? पण राग कसला येतोय! बाई रडत होती, मीही रडले. तिला धाप लागली होती, तरी मी मिठी सोडली नाही. मग घरच्या ग्रुपवर मी आजी होणार ही बातमी बोलून टाकली. जावेचं उत्तर लगेच हजर. "गो बाय, आत्ताच देवीक गाऱ्हाणां घातलंय. ओटी मी भरतलंय."

तेवढ्यात मेघना बांगडे घेऊन आली. "आई, ही रडता कित्याक?"

"माका आधी सांगूक नको होतां?"

"काय सांगूक?"

नेरमीनबाईने पेल्याकडे बोट दाखवलं. "आजी."

मेघनाने पेला हुंगला, ताट ठेवलं आणि हसत खालीच बसली. "आई, तुर्कीत आजी म्हणजे तिखट, चोक म्हणजे खूप!"

रस काळ्या गाजराचा होता. दुकानदाराने तिखट हवा का विचारलं होतं, आणि ह्यांनी होकार दिला होता.

पण खरी गोष्ट पुढेच. नेरमीनबाईने डोळे पुसले, नाक शिंकरलं, उरलेला अर्धा पेलाही संपवला आणि तो पुन्हा पुढे केला. आयरान आता दुसऱ्या नंबरावर, असं तिनेच मेघनाकरवी मला कळवलं. मालवण जिंकलं! गाजराने का होईना.

मालवणात मात्र कोणी ऐकेना. घातलेलं गाऱ्हाणं परत घेता येत नाही, असं जावेने ठणकावलं आणि दुपटी शिवायला घेतली.

पुढच्या वर्षी आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा झाली आणि मेघनाचा फोन आला. आवाज कापत होता. "आई, आजी..."

मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. "घाबरा नको गो. नारळाचो रस वाढय, तिखट कमी जातलां."