सासूबाईंच्या हनुवटीखालचा दिवा

आधी आपांना पुढे करते, मग माझा पराक्रम सांगते. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत ज्यांचा फोटो स्टुडिओ आहे, त्या आपा. नाव लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "नको गं. लोक येऊन विचारत बसतील, त्या गोष्टीतल्या बाई तुम्हीच का. मला पासपोर्टचे फोटो काढू दे निवांत." म्हणून नुसत्या आपा. साठी उलटलेली, बारीक चणीची, हसताना आवाज न करणारी बाई. मी वर्ध्याकडची, नववीतून शाळा सोडलेली, इकडे माझं रक्ताचं कुणी नाही. कॅमेरा कसा धरायचा हे मला त्यांनी शिकवलं, आणि त्याच कॅमेऱ्याने मी एका नव्या संसाराला चूड लावायची बाकी ठेवली होती, तेव्हा विझवायलाही त्याच धावल्या. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढच्या हकिकतीत माझी बाजू फारशी चांगली नाही.

मिरजेला येण्याआधी मी आठ-नऊ महिने वाईत होते. आमच्याकडची एक मावशी तिथे एका मालिकेच्या युनिटचा स्वयंपाक करायची. तिच्या मागे मी गेले आणि साड्यांना इस्त्री करायला लागले. माझं टेबल सेटच्या दाराशीच होतं, त्यामुळे इस्त्री करता करता सगळं दिसायचं. मालिकेतली दुष्ट जाऊ प्रत्यक्षात फार मायाळू बाई होती. मला रोज विचारायची, जेवलीस का. पण तिचा सीन आला की लाईटवाले दादा एक दिवा तिच्या पायाशी ठेवायचे. उजेड खालून वर. नाकाची सावली कपाळाकडे चढायची, गालांवर खड्डे पडायचे, आणि कॅमेरा जमिनीलगत असला की बाई छताला टेकल्यासारखी दिसायची. गुणी सुनेला मात्र खिडकीजवळ उभी करायचे, मऊ पिवळ्या उजेडात, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. साड्यासुद्धा ठरलेल्या. जावेच्या जांभळ्या आणि काळपट, सुनेच्या आंब्याच्या रंगाच्या.

मी दादांना एकदा विचारलं, "खालूनच काहून?"

ते म्हणाले, "सूर्य वरनं उजेड देतो. खालनं आला की बघणाऱ्याला आपोआप वाटतं, हितं कायतरी गडबड हाय. कारण सांगावं लागत न्हाई."

हे मी डोक्यात पक्कं बसवलं. नको तेवढं पक्कं.

मालिका संपली, युनिट मुंबईला गेलं. मला घरी परतायचं नव्हतं. घरी गेलं की ज्याने त्याने विचारायचं, शाळा सोडून काय दिवे लावले. लाईटवाल्या दादांनी आपांचा पत्ता दिला. आपांनी विचारलं, "काय येतं?" मी म्हटलं, "इस्त्री." त्या म्हणाल्या, "मग हात सरळ चालत असेल. धर कॅमेरा." एवढीच मुलाखत.

दोन वर्षांत मी शूटिंग शिकले, कॉम्प्युटरवर कापणं-जोडणं शिकले. आणि एका उन्हाळ्यात पहिल्यांदा एक अख्खं लग्न आपांनी माझ्या एकटीवर सोपवलं. त्या स्वतः आठ दिवस लेकीकडे गेल्या. मुलगा कराडजवळच्या मलकापूरचा, मुलगी कोयनानगरच्या कॉलनीतली.

लग्न नीट पार पडलं. संध्याकाळी मलकापूरला नवऱ्यामुलाच्या घरी गृहप्रवेश होता. रांगोळी अंधारात जाऊ नये म्हणून मी एक छोटा दिवा उंबऱ्याशी, जमिनीवर ठेवला. नवरीचा पाय तांदळाच्या मापाला लागतो ते जवळून मिळावं म्हणून स्वतः खाली फतकल मारून बसले. सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. आणि मी कॅमेऱ्यातून वर बघितलं तर काय, साक्षात वाईची ती जाऊ. हनुवटीखालून उजेड, डोळे बारीक केलेले, नवरीवर रोखलेले, आणि डोकं थेट दाराच्या चौकटीला भिडलेलं.

मला फार आनंद झाला. मनात म्हटलं, जमलं.

मग स्टुडिओत बसून मी त्या चेहऱ्यावर तीन दिवस घालवले. तो संथ केला. थोडा निळसर केला. मालिकेत तीन बाजूंनी तीनदा चेहरा दाखवतात, माझ्याकडे एकच बाजू होती, म्हणून तोच चेहरा तीन वेळा घेतला, दर वेळी थोडा मोठा. प्रत्येक वेळेला नगाऱ्याचा एक ठोका. त्याच्या पुढे नवरीचा पाय, कलंडणारं माप, आणि तांदूळ सावकाश उधळतायत. बघून माझ्याच अंगावर काटा आला. काटा आला म्हणजे काम चांगलं झालं, अशी माझी समजूत. आपा यायच्या आत मी पेनड्राइव्ह मुलीच्या माहेरी पाठवूनसुद्धा दिला.

आखाड लागला. आखाडात सासू-सुनेने एकमेकींचं तोंड बघायचं नसतं, नवी सून माहेरी जाते. ही मुलगीही कोयनेला गेली. आणि चौथ्या दिवशी मला तिच्या आत्याचा फोन आला.

"ताई, तुमी लगीन शूट केलं का खून?"

मी म्हटलं, "काय झालं आत्याबाई?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय. पोरगी आली म्हणून कापण्या तळल्या, कॉलनीतल्या बायका बोलावल्या, म्हटलं टीव्हीवर लगीन बघू. तर ती बाई आली. धाड. परत आली. धाड. परत आली. शेजारणीचं बारकं रडाय लागलं. आता आमची वैनी चुलीपुढं बसून म्हणतीया, कुठल्या घरात दिली मी लेक."

"अहो, त्या तशा नाहीत."

"तुमाला काय म्हाईत? तुमी एक दिवस बघितलं. आन् कॅमेरा खोटं बोलतो व्हय? आखाड संपला तरी पोरगी धाडायची न्हाई, असं चाललंय हितं."

मी विचारलं, मुलगी काय म्हणते. आत्यांनी आवाज बारीक केला. "ती म्हणतीया, सासूबाई लय कमी बोलत्यात. मला वाटायचं सवय आसंल. आता कळलं, मनात काय हाय ते."

दोन दिवस मी आपांना काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "काल त्या मास्तरांचा फोटो काढताना तू 'जरा हसा' म्हणायच्या ऐवजी 'माफ करा' म्हणालीस. काय केलंयस?"

मी व्हिडिओ लावला. आपांचे खांदे हलायला लागले. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "कारागिरी झकास आहे. पण बाई कोण आहे ही?"

"सासू."

"ते तू बनवलंस. मी विचारतेय, बाई कोण आहे."

आपांनी खुर्ची ओढली. नगारा काढला, निळा रंग काढला, तो चेहरा एकदाच ठेवला, आणि तो घेऊन तीन वेगवेगळे तुकडे बनवले. एकात चेहऱ्यानंतर नवरीचा पाय. दुसऱ्यात चेहऱ्यानंतर मांडवातली जिलेबीची परात. तिसऱ्यात चेहऱ्यानंतर डोळे टिपणारा मुलीचा बाप. बाहेर तीन गिऱ्हाइकं फोटोची वाट बघत बसली होती. आपांनी एकेकाला आत बोलावून एकेक तुकडा दाखवला.

पहिली नर्सिंग शिकणारी मुलगी होती. म्हणाली, "ही बाई सुनेला सुखाने जगू देणार नाही."

दुसरे एक आजोबा, हाताला प्लास्टर. ते म्हणाले, "उपाशी हाय बिचारी. लग्नघरात यजमानीण शेवटी जेवती."

तिसऱ्या बाईंनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "व्याह्याचं रडणं हिला बघवंना."

तिघं गेल्यावर आपा म्हणाल्या, "चेहरा एकच. खोटं कोण बोललं?"

"कात्री," मी म्हटलं.

"कात्रीला हात आहेत का? आता न कापलेलं दाखव. पहिल्यापासून."

न कापलेलं मी सुद्धा नीट ऐकलं नव्हतं. ते सुरू झालं आणि सगळ्यात आधी माझाच आवाज आला. "काकू, चष्मा काढा ना, लाईट चमकून राहिला." सासूबाईंनी निमूटपणे जाड भिंगांचा चष्मा काढून कमरेला खोचला. तिथून पुढे त्या डोळे बारीक करून, मान पुढे काढून, समोर सून नेमकी कुठे उभी आहे ते शोधत होत्या. माझा प्रसिद्ध चेहरा तो हाच. त्याच्यानंतरचा भाग फोकस हलला म्हणून मी फेकून दिला होता. त्यात सासूबाई ताट दुसऱ्या हातात घेतात, वाकतात, उंबरा चाचपतात, आणि माप चार बोटं बाजूला सरकवून विचारतात, "आली का गं? बेतानं. ठेच लागंल."

आपांनी कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुलूप हातात घेत म्हणाल्या, "उद्या पहिली गाडी. कोयना."

कराडवरून पुढे रस्ता वळणांचा, पाऊस मुसळधार. मी दोनदा ओकले. एकदा वळणामुळे आणि एकदा भीतीमुळे, असं आपा अजून सांगतात.

दार आत्यांनी उघडलं. "ह्याच का त्या शूटिंगवाल्या? या. बसा. कापण्या हायत्या." राग ठेवून खायला घालायची रीत इकडची. मी कापणी नुसती हातात धरून बसले.

आपांनी न कापलेला भाग टीव्हीला लावला. संगीत नाही, काही नाही. माझा 'चमकून राहिला' ऐकून नवरी हसली. चष्मा निघाला तशी ती पुढे सरकली. उंबरा चाचपणारा हात आला तेव्हा तिने रिमोट घेतला आणि तेवढंच पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"चष्म्याशिवाय त्यांना ताटातली भाकरी दिसत नाही," ती आईला म्हणाली. "मी रोज बघते."

आई काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. माणूस मनात असल्याबिगर तसं दिसतच न्हाई. आमी काय बघितलं न्हाई का?"

आपा गोड आवाजात म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. जरा इकडे या, दाराशी. तुमच्या हातचा पदार्थ आहे, तुमचाच फोटो घेते." आत्यांना फोटोची आवड दिसली. केस सारखे करून, कापण्यांचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. पावसाने भर दुपारी घरात काळोखी होती. आपांनी मला डोळ्याने खुणावलं. मी मोबाईलची बॅटरी लावून आत्यांच्या पायाशी ठेवली आणि कॅमेरा चालू करून खाली बसले. आपा म्हणाल्या, "आत्याबाई, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आज तिथी कुठली, वाचा बरं." आत्यांनी डोळे बारीक केले.

दहा मिनिटांत मी सोबत आणलेल्या लॅपटॉपवर ते संथ केलं, निळं केलं, तीनदा घातलं. नगारा तर होताच. त्यापुढे लग्नातला भाचीचा चेहरा जोडला, आणि टीव्हीला लावलं.

धाड. धाड. धाड.

मग नवरीची आई, जी चार दिवस रडत होती, ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. "वन्सं, अवं, तुमी तर तिला कच्ची खाताय."

आत्या टीव्हीकडे बघत राहिल्या. "ही मी?"

"तुम्हीच," आपा म्हणाल्या. "आता सांगा, भाचीबद्दल मनात काय आहे तुमच्या?"

"कापण्या द्यायच्या हुत्या, दुसरं काय," आत्या पुटपुटल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुझ्या हातात कॅमेरा देताना कुणी इचार केला न्हवता व्हय?"

मी म्हटलं, "नाही आत्याबाई."

नवरी तोवर आतल्या खोलीत जाऊन फोन लावत होती. दार उघडंच होतं. सासूबाईंचा आवाज बाहेरपर्यंत यायचा, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा मोठा. "आखाड हाय. तोंड बघू न्हाई. आवाज ऐकला तर चालतंय." मग पाऊस किती आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "श्रावण लागला की ये. कराडच्या स्टँडवर मी येते. तू मला बघ, मला काय तू लवकर दिसायची न्हाईस."

नवरी हो म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिची आई उठली आणि मुलीच्या बॅगेत द्यायला कापण्यांचा दुसरा डबा भरायला लागली. माझ्या वाट्याची कापणी मी तेव्हा कुठे खाल्ली.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी नवरी सासरी गेली. आत्यांचा त्या दिवशी फोन आला, माझा तो धाडधाड तुकडा पाठव, स्टेटसला लावायचाय म्हणून. लावला. खाली कॉलनीतल्या बायकांनी काय काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोयनेहून परतताना गाडीत मी आपांना म्हटलं होतं, "तुमच्यासाठी मी काय करू ते सांगा. कायतरी सांगाच." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझा थोरला भाऊ तंबोरे करतो. भोपळ्याला कान लावून टिचकी मारतो आणि सांगतो, यातून आवाज निघेल का नाही. चाळीस वर्षं मी बघतेय, मला एकदाही ते फोटोत पकडता आलं नाही. ऐकणारा माणूस कसा दाखवायचा, ते कळत नाही." मग झोपल्या.

मला अजून कळलेलं नाही. दर रविवारी मी त्यांच्या भावाच्या दुकानात जाऊन कोपऱ्यात बसते. कॅमेरा बंद असतो. उजेड कुठून येतो, ते टिचकी मारण्याआधी मान कशी वळवतात, एवढंच बघते. घाई करायची नाही आणि त्यांना कुणी दुसरंच माणूस बनवायचं नाही, हे ठरवलंय. पण आपा, ते ऐकताना जसे दिसतात तसे मी एक दिवस पकडीन, आणि पहिल्यांदा तुम्हालाच दाखवीन.