आईचा फोटो नक्की कुणी काढला?

भूत, आत्मा असल्या गप्पा कुणी सुरू केल्या की मी सरळ उठून जाते. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा... हे लिहितानाही माझं डोकं फिरलेलं आहे.

आष्टीत केबल आणि कलर रोल एकदमच आले, ती वर्षं. माझ्या दादाचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. माणसाला स्टुलावर बसवून तो कॅमेऱ्यामागून विचारायचा, "फोटो कुणासाठी?" माणूस नाव घेऊन ओठ मिटणार, तेवढ्यात बटण! ऊसतोडीला निघालेल्या बायका मागे राहणाऱ्या लेकरांची नावं घ्यायच्या. म्हणून दादाचा फोटो शंभरात ओळखू यायचा — ओठ किंचित उघडे, नजर लांब कुणावर तरी. बाकीच्या फोटोवाल्यांचे चेहरे म्हणजे नुसते मुका मार बसल्यासारखे.

दादा काविळीनं गेला. त्याचा कॅमेरा मीच बाबूराव नावाच्या फोटोग्राफरला विकला.

दोन वर्षांनी शाळेच्या हॉलमध्ये तालुक्यातल्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरलं. बाबूरावच्या नावाखाली बारा फोटो... आणि बाराच्या बारा दादाचे! तेच ओठ, तीच नजर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेलेल्या माणसाचं चोरता? लाज हाय का काई?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"ताई, आईची शपथ, मीच काढलेत. पर असे कावून येतेत ते मलाबी कळंना," बाबूराव म्हणाला.

"खोटारडा!" म्हणत मी शेवटची फ्रेम भिंतीवरून उपटायला गेले, आणि हात तिथंच थांबला. फोटो माझ्या आईचा होता. डोळ्यांवर जाड चष्मा. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दादा गेल्यावर सहा महिन्यांनी झालं. त्याआधी तिनं चष्मा कधी लावलाच नव्हता.

घरी येऊन आईला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"पेन्शनच्या फॉर्मला फोटो लागला, म्हणून गेलते. बाबूराव गप व्हता. दादानं इचारलं, फोटो कुणासाठी? म्या म्हनलं, तुज्यासाठीच रं. तुला सांगितलं न्हाई, तू लई भांडतीस."

दुसऱ्या दिवशी मी बाबूरावच्या स्टुलावर जाऊन बसले. "काढा," म्हटलं. उत्तर तयार ठेवलं होतं, कान टवकारले होते... बटण वाजलं. बस्स. फोटो आला तो ओठ गच्च आवळलेला. तीनदा गेले, तीनदा तसाच.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण राग आहे, आणि तो दादावर आहे. अरे, अख्ख्या तालुक्याला विचारतोस, मग सख्ख्या बहिणीलाच का नाही विचारलंस?