पाहुणे नसलेलं गाव

टोमॅटोच्या पानांचा उग्र वास बोटांना लागला, की मला पिंपरी पेंढारची आमची पडवी आठवते. पुढच्या शिक्षणासाठी मला अमेरिकेत अर्ज करायचे होते, आणि कुठल्या विद्यापीठांत करायचे ते त्या संध्याकाळी ठरायचं होतं. भावाचा शाळेचा नकाशा घोंगडीवर पसरला होता. स्थळ पाहायला बसावं तशी चुलत्यांनी चौकशी चालवली होती. गाव केवढं, थंडी किती, आपलं तिथं कोण? न्यू जर्सीला निमगाव सावाच्या पाहुण्यांचा मुलगा होता. "मंग तिथलंच बघा," चुलते म्हणाले. "पोरीवर नजर राहील. काय उन्नीस-बीस झालं तर लगेच कळंल." भाकरी थापणारे आईचे हात थांबले. मला हवं ते विद्यापीठ आयोवात होतं. तेवढ्यात वडील शेतातून टोमॅटोच्या झाडांची बांधणी करून आले. "तुला कुठलं पायजे?" त्यांनी विचारलं. मी नकाशावर बोट ठेवलं. "तिथं आपलं कोन हाय?" "कुणीच नाही." ते नकाशावर वाकले. मग बांधणीनं हिरवंकाळं झालेलं आपलं बोट माझ्या बोटाशेजारी टेकवून चुलत्यांना म्हणाले, "हितं पावणं न्हाईत, तेच बरं. सुखानं शिकंल." नकाशावर डाग पडला. आता मी आयोवातल्या त्याच गावात राहते, परसात टोमॅटो लावते. आपल्याकडची एखादी मुलगी शिकायला आली, की तिला जेवायला बोलावते. तिच्या घरून फोन आला, तर बरी आहे एवढंच सांगते.