पडले नाही, बसले

माझी लेक इथे बेंगळुरूतल्याच एका मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करते, इलेक्ट्रॉनिक्समधली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, म्हणून ती मला सगळं घरच्या भाषेत सांगते. तिने एक डबी तयार केली आहे, काडेपेटीहून जराशी मोठी. ती भिंतीला चिकटवायची. तिच्यातून लहरी निघतात, माणसावर आपटून परत येतात, आणि त्यावरून माणूस उभा आहे, चालतोय की पडलाय, हे डबीला कळतं. "वटवाघूळ अंधारात कसं उडतं, तसंच," ती म्हणाली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तोल गेला तर मुलांच्या फोनवर घंटी वाजावी, यासाठी हा खटाटोप.

गेल्या उन्हाळ्यात तिने ती डबी आमच्या स्वयंपाकघरात लावली. ती लॅबला गेली, हे शिलाईच्या दुकानात गेले आणि मी मेथी निवडायला खाली बसले. लगेच फोन.

"आई! पडलीस?"

"नाही गं, बसले."

"खरंच?"

"मेथी निवडतेय."

दुपारी शेंगा सोलायला बसले, पुन्हा फोन. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला बसले, तेव्हाही. यांनी रात्री जेवताना विचारलं, "आज किती वेळा पडलीस?" आम्ही दोघं हसलो. लेक हसली नाही.

मग तिने मला समोर बसायला-उठायला लावलं आणि नीट पाहिलं. मी एक हात गुडघ्यावर, एक ओट्यावर ठेवते. अर्ध्यापर्यंत हळूहळू जाते आणि शेवटी अंग सोडून देते. गुडघे दुखणाऱ्या बायका अशाच बसतात. ते शेवटचं अंग सोडणं डबीला पडणं वाटायचं.

"आमच्या लॅबमधली मुलं गादीवर धपाधप पडली, ते आम्ही डबीला शिकवलं," ती म्हणाली. "बसणं शिकवलं ते खुर्चीवरचं. जमिनीवर कुणी बसलंच नाही गं."

तिच्या गाइड मॅडम म्हणाल्या, एकट्या आईवर भागणार नाही. वयस्कर, खाली बसणाऱ्या पुष्कळ बायका हव्यात, आणि कमिटीपुढच्या सेमिनारच्या आधी. नाहीतर जमिनीवर बसण्याचा हा भाग प्रबंधातून काढून टाक आणि फक्त खुर्चीवर बसणाऱ्यांचं लिही. लेक एका वृद्धाश्रमात जाऊन आली. तिथे सगळे खाटेवर नाहीतर खुर्चीत.

"आई, तुझ्या वातीवाल्या बायका?" तिने विचारलं.

दर शुक्रवारी दुपारी देवळामागच्या खोलीत आम्ही आपल्या समाजातल्या बायका कापसाच्या वाती वळायला जमतो. लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हापासून मी जाते. दाराजवळ बसते, वाती वळते, घरी येते. कुणी जेवण झालं का विचारलं तर मान हलवते.

"तूच ये आणि विचार," मी म्हटलं.

"मला तिथे कोण ओळखतं? यंत्र म्हटल्यावर घाबरतील. तू सांगितलंस तर ऐकतील."

त्या शुक्रवारी मी वाती वळून तशीच परत आले. लेकीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट वाढून घेतलं. रागावली असती तरी बरं वाटलं असतं.

पुढच्या शुक्रवारी वाती वळता वळता मी म्हटलं, "मला जरा एक विचारायचं होतं."

आमच्यात एक मोठ्या अक्का आहेत, सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या. त्यांनी कापूस खाली ठेवला. "अय्यो! हिला तोंड आहे होय? मला वाटलं, देवाने नुसते डोळे दिलेत."

सगळ्या हसल्या. माझे कान तापले, पण आता मागे फिरता येत नव्हतं. मी डबीचं सगळं सांगितलं. लेकीसारखं नाही, मला आलं तसं. वटवाघूळ मात्र सांगितलं.

मग एकीने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "लहरी म्हणतेस. मग लुगड्याच्या आतलं दिसतं काय?"

"लेकीने मला कॉम्प्युटरवर दाखवलंय," मी म्हटलं. "नुसते ठिपके दिसतात. रांगोळीच्या रेघा जोडायच्या आधी असतात ना, तसे. मी कोणती, शेजारी ठेवलेला भोपळा कोणता, तेही ओळखू येत नाही."

अक्कांनी खाली ठेवलेला कापूस पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "माझी थोरली जाऊ तिकडे मारतहळ्ळीला राहते. मुलगा-सून कामावर, ती दिवसभर एकटी. तिच्याकडे लावतील का?"

"आधी आपण शिकवायचं, मग लावतील."

"सरी, चालेल. कधी बसायचं सांग."

पुढच्या शुक्रवारी लेक डबी घेऊन आली. तिने प्रत्येकीला समजावून सांगून सही घेतली, ज्यांना येत नव्हती त्यांचा अंगठा. सगळ्या पाळीपाळीने बसल्या, उठल्या. कुणी भिंत धरून, कुणी दुसरीचा खांदा धरून. "स्वल्प सरक गं, मी दिसत नाही डबीला!" म्हणत एकमेकींना ढकलत होत्या. अक्का बसल्या आणि लेकीचा फोन कर्कशपणे वाजला.

"मी नाही पडले," अक्का म्हणाल्या. "माझं वजन पडलं."

लेकीला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं. तिने अक्कांना चार वेळा जास्त बसवलं.

सेमिनार झाला. जमिनीवर बसणाऱ्या बायका प्रबंधात राहिल्या. पडणं वेगळं आणि बसणं वेगळं हे आता कळतं का, ते बघायला तिने नवं शिकवलेली डबी पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात लावली. ती लॅबला गेल्यावर मी मेथीची जुडी घेतली, गुडघ्यावर हात ठेवला, ओटा धरला आणि अंग सोडलं.

फोन वाजला नाही. मेथी निवडून झाली तरी वाजला नाही. आनंद झाला, पण मला त्या फोनची सवय झाली होती. मी स्वतःहून कुणाला फोन करत नाही, लेकीलाही नाही. ती कामात असेल असं वाटतं. त्या दिवशी केला.

"काय गं आई?"

"काही नाही. बसले, म्हणून सांगितलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कळलं डबीला." मग लगेच ठेवेल असं वाटलं, पण तिने विचारलं, "आज काय निवडतेयस?"