रविवारी सुट्टी

डाळ मिलला मिस्त्री हवा होता, आणि तोही रविवारच्या आत. त्या रविवारी हसनाबादला लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. माझा मिस्त्री रस्त्यापलीकडच्या मिलवाल्यानं फोडून नेला होता. मशीनचा आवाज बदलला की काय करायचं, हे मी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. तो गेल्यापासून सकाळी शटर उघडलं की मशीनपुढं मीच. जेवायला बसलो तरी कान तिकडंच.

मी जाहिरात लिहून गावोगावच्या मोबाइल ग्रुपवर टाकली : 'डाळ मिलसाठी अनुभवी, इमानदार मिस्त्री पाहिजे. कामचुकारांनी आणि शिकून पळून जाणाऱ्यांनी फोन करू नये. पगार समक्ष बोलू.'

एकही फोन आला नाही. बायकोनं वाचलं आणि विचारलं, "मिस्त्री पाहिजे का भांडण?"

"खोटं काय लिहिलं?"

"गेला त्याच्यासाठी लिहिलंय सगळं. येणाऱ्यासाठी काय हाय त्याच्यात?"

चिडलो, पण पुन्हा लिहायला बसलो. सौद्यात आपला आकडा आधी सांगायचा नाही, या एका गोष्टीवर मी हमालीपासून मिलपर्यंत आलो. तरी पगार उघड लिहिला. राहायला खोली लिहिली. शेवटी लिहिलं, 'रविवारी सुट्टी.'

आमच्या गावचा बाजार रविवारी. शेतकरी घरची तूर आणतात आणि संध्याकाळी डाळ घेऊन परततात. त्या दिवशी मिल बंद ठेवता येत नाही. पण आधी माणूस दारात येऊ दे, सुट्टीचं मग घासाघीस करून मिटवू, असा माझा हिशोब.

लगेच पिंपळगाव रेणुकाईचा एक माणूस आला. हात चांगला होता. शनिवारी त्याला म्हणालो, "मिस्त्री, उद्या थांबा. मला लेकीकडं जायचंय. बदल्यात सोमवार घ्या."

"न्हाई जमत, शेठ."

"वरून पैसे देतो."

"पैसे तर समोरचे मिलवाले बी देऊन राह्यले. म्या सुट्टी वाचून तुमच्याकडं आलो. गावाकडं म्हातारी एकटी हाय." त्यानं मोबाइल काढून माझीच जाहिरात माझ्यापुढं धरली. "तुम्हीच लिहिलं न्हवं?"

"लिहावं लागतं तसं! सगळेच लिहितात!" मी ओरडलो.

"बराबर. मंग समोरच्या मिलवर इचारतो." तो पिशवी भरू लागला.

मी पिशवी धरली. "राहू द्या. जा उद्या."

रविवारी बायको आहेर घेऊन एकटीच गेली. दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. दारावरचं तोरण दिसलं, तिचे हलणारे ओठ दिसले. मशीनच्या घरघरीत बोलणं ऐकू येईना, आणि पोत्यांची रांग लागलेली असताना मशीन बंद करता येईना. रस्त्यापलीकडं माझा जुना मिस्त्री चहाचा कप घेऊन दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून हात वर केला.

मी फोन खिशात टाकला आणि पुढचं पोतं ओतलं.