रेवाच्या खोलीत कुणी जायचं नाही

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, पण खरं सांगू? हसण्यासाठी. जेवताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघांनी मिळून खिल्ली उडवायची, हा आमच्या घरचा कार्यक्रम होता. मी शाळेत गणित शिकवते. भूत, आत्मा, 'बाहेरचं काही' — यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आज मानते का, विचाराल तर तेही धड सांगता येणार नाही. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि माझा राग अजून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे. माझं माहेर खासगी बाजारातलं, सासर दर्पण कॉलनीत. पहिल्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट, पांढऱ्या टाइल्स, खाली जिम, जिममधून दिवसभर ढॅण ढॅण गाणी. तेव्हा पिंपळ, पडकी विहीर वगैरे शोधू नका. घरात आम्ही चौघं — मी, नवरा अभिजित, सासूबाई आणि आमची रेवा. तेव्हा ती आठ महिन्यांची होती.

आणखी एक आधीच सांगून टाकते. अभिजितचं हे दुसरं लग्न. त्याची पहिली बायको वृषाली लग्नानंतर थोड्याच वर्षांत डेंग्यूने गेली. मूलबाळ नव्हतं. हे सगळं त्यानेच मला लग्नाआधी सांगितलं होतं. "वो चॅप्टर क्लोज्ड आहे यार, तू टेन्शन नको घेऊ," म्हणाला होता. मी नाही घेतलं. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता, आणि मला वाटायचं, किती समजूतदार माणसं आहेत.

तर रेवाची झोप. ही पोरगी फक्त सासूबाईंच्या पायांवर झोपायची. त्या भिंतीला टेकून पाय पसरून बसायच्या, तिला पायांवर आडवी घ्यायच्या आणि हलवत राहायच्या. डोळा लागला म्हणून गादीवर ठेवावं, तर पाठ टेकायच्या आत भोकाड. रात्री तीन-चारदा हेच. सासूबाईंचे गुडघे गेले, माझी अक्कल गेली. सुट्टी संपत आली होती, शाळेत रुजू व्हायचं होतं. शेवटी मी एका स्लीप कन्सल्टंट बाईंचा ऑनलाइन कोर्स केला. मूल जागं असतानाच कॉटमध्ये ठेवायचं, बाहेर यायचं. रडलं तर थोडं थांबून आत जायचं, दोन शब्द बोलायचे, पण उचलायचं नाही, थोपटायचं नाही. हळूहळू ते आपलं आपण झोपायला शिकतं.

मी घरात मीटिंगच घेतली म्हणा ना. सांगितलं, एकदा रेवाला कॉटमध्ये ठेवलं की तिच्या खोलीत माझ्याशिवाय कुणी जायचं नाही.

सासूबाई उखडल्या. "अगं लेकरू आहे ते, मशीन थोडीच आहे! रडून रडून निळी होईल बच्ची."

"आई, मला शब्द द्या."

"दिला बाई, दिला. नाही जाणार मी आत."

अभिजितने तर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तेरी कसम. कोणी नाही जाणार."

पहिले काही दिवस फार वाईट गेले. मी पॅसेजमध्ये जमिनीवर बसायची, हातात मोबाइल, त्यावर खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र. आत रेवा रडायची, बाहेर मी. सासूबाई त्यांच्या खोलीतून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "दगडाचं काळीज आहे." अभिजित कानात इयरफोन घालून कूस बदलायचा. पण मी हटले नाही. जे सुरू केलंय ते पूर्ण करायचं, हा माझा स्वभाव.

मग एक दिवस मी रुजू होण्याचं बोलायला शाळेत गेले. दुपारभर बाहेर होते. संध्याकाळी आले, रेवाला भरवलं, कॉटमध्ये ठेवलं, बाहेर आले आणि रडण्याची वाट पाहत बसले. रडलीच नाही! मोबाइलमध्ये पाहिलं तर कुशीवर वळून, मूठ गालाखाली घेऊन गाढ झोपलेली. सकाळपर्यंत हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

माझा आनंद काय सांगू! आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ज्ञान पाजळायला लागले. कन्सिस्टन्सी ठेवा गं, घरच्यांना विश्वासात घ्या... कुणाकुणाला तर फोनवर तासभर समजावलं. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एक गोष्ट मात्र खुपायची. सकाळी मी खोलीत गेले की रेवा माझ्याकडे बघायचीच नाही. कॉटची एक बाजू भिंतीकडे, तिथे जेमतेम माणूस उभं राहील एवढी जागा. तिकडे बघून हसत बसायची. मी उचलली की मागे झुकायची, मान वळवून वळवून त्याच जागेकडे बघायची. मी स्वतःला समजावलं की मोठी होतेय, इंडिपेंडंट होतेय. पुस्तकी शब्द हाताशी असले की माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

मे महिन्यातली दुपार. आमच्याकडची लू ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको — खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर सुरू. रेवा दुपारच्या झोपेला कॉटमध्ये होती. अभिजितचं वर्क फ्रॉम होम, तो हॉलमध्ये लॅपटॉपवर. सासूबाई पडल्या होत्या. मी स्वयंपाकघरात मटकी निवडत होते आणि मोबाइल समोर डब्याला टेकवून ठेवला होता. सहज नजर गेली.

रेवा पालथी झोपली होती. तिच्या पाठीवर झबलं दबत होतं आणि सुटत होतं. दबत होतं, सुटत होतं. श्वासाने छाती हलते तसं नाही... वरून कुणी तळवा ठेवावा तसं. दोन सावकाश थापा, मग थोडं थांबणं, मग एक हलकी थाप. पुन्हा तेच.

मी उठले आणि सरळ खोलीत गेले. कूलरची हवा असेल म्हणून आधी कूलर बंद केला. पंखाही बंद केला. खोली गप्प झाली. आता ती थाप मला ऐकूसुद्धा येत होती. मऊ, कापडावरची. झबल्याला बोटांएवढे खळगे पडत होते आणि भरत होते, आणि वर काहीही नव्हतं. मी कॉटवरून हात फिरवून पाहिला. नुसती हवा.

मग मी माझा हात रेवाच्या पाठीवर ठेवला. थाप थांबली. रेवाने डोळे उघडले, मला पाहिलं आणि जोरात किंचाळली. माझी मुलगी, मला बघून.

अभिजित धावत आला, मागोमाग सासूबाई. मी नुसतं बोट दाखवत होते. सासूबाई म्हणाल्या, "हात काढ. बेटा, तू हात काढ आधी." मी काढला. क्षणभराने झबलं पुन्हा दबलं. दोन थापा, थांबणं, एक थाप. रेवा हुंदके देत देत शांत झाली.

मी अभिजितकडे पाहिलं. मला वाटलं होतं, तो पांढराफटक पडेल, रेवाला उचलून बाहेर पळेल. तो घाबरलाच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नानंतर कधीच पाहिलं नव्हतं. सासूबाईही घाबरल्या नव्हत्या. त्या खोलीत काय चाललंय हे त्या दोघांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

रेवाला घेऊन मी हॉलमध्ये आले आणि म्हटलं, आता बोला. सासूबाई पदराने तोंड पुसत राहिल्या, मग बोलल्या.

आमच्या देवघरात चांदीचे छोटे टाक आहेत. कुलदेवी, खंडोबा, आणि एक बाईचा. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, ही कोण? "देवीच आहे," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. माझ्या माहेरी टाक असतात ते फक्त देवांचे. यांच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाचाही टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो टाक वृषालीचा होता. लग्नापासून रोज आंघोळ करून मी तिला कुंकू लावत होते!

"तू शाळेत गेली होतीस ना, त्या दुपारी," सासूबाई म्हणाल्या, "आम्ही तो टाक पाटावर ठेवला. ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतीने. आणि रेवाला तिच्या ओटीत घातलं. म्हटलं, बाई, तुझंच लेकरू समज, रात्री सांभाळ."

"कुणी घातलं ओटीत?"

त्यांनी अभिजितकडे पाहिलं. ओटीत मूल आईबापांपैकी कुणीतरी घालायचं असतं, एवढं मलाही माहीत आहे.

अभिजित म्हणाला, "मी."

"माझी शपथ घेतली होतीस तू."

"पण यार, आम्ही आत गेलोच नाही," तो म्हणाला. अगदी सरळ चेहऱ्याने! "तू बोललीस आत जायचं नाही, तर नाही गेलो. बच्ची सो रही है, तू खूश, मम्मी खूश. प्रॉब्लेम काय आहे?"

भुताची भीती मला त्या क्षणी वाटलीच नाही. मी या माणसाबरोबर बसून या असल्या गोष्टींना हसले होते. तो माझ्याबरोबर हसत होता, आणि मी घराबाहेर पडल्यावर त्याने माझं मूल उचलून पहिल्या बायकोच्या ओटीत ठेवलं. मी पॅसेजमध्ये बसून रडले होते, ग्रुपवर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. हे दोघं सगळं बघत होते आणि गप्प होते. मला इतकं मूर्ख, इतकं परकं कधीच वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी रेवाला घेऊन मी खासगी बाजारात माहेरी आले. वाटलं, सुटले. कसलं काय... रेवा झोपेचना. मी मांडीवर घेतलं, पायांवर घेतलं, खांद्यावर टाकून अंगणात फिरवलं. ती मला ढकलायची. तळहात माझ्या छातीला लावून, जोर करून. माझ्या वहिनीकडे जायची, शेजारच्या काकूंकडे जायची, माझ्याकडे नाही. दूध पिणं सोडलं. वजन उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, जागा बदललीय, होतं असं.

शेवटी सासूबाईंचा फोन आला. त्या फोनवर रडत होत्या. "चूक झाली बेटा. पण ओटीत घातलेलं लेकरू असं उचलून नेत नाहीत. मागून घ्यावं लागतं. आणि ते आईनेच मागायचं."

मी त्या वेळी डोक्यावर उभी राहा म्हटलं असतं तरी राहिले असते. दर्पण कॉलनीत गेले. पाटावर टाक ठेवला, त्याची ओटी भरली, सासूबाई सांगत गेल्या तसं करत गेले. चांदीचा अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर धड नाक-डोळेही नाहीत. मी पदर पसरला आणि म्हटलं, "वृषालीताई, तुम्ही माझ्या मुलीला सांभाळलंत. आता ती मला परत द्या." बोलताना मला रडू फुटलं. रागाने की कशाने, कोण जाणे. अभिजित दारात उभा होता. आत आला नाही.

त्या संध्याकाळी रेवाला कॉटमध्ये ठेवलं तशी तिने टाहो फोडला. दाराकडे बघून, दोन्ही हात माझ्याकडे पसरून. मी कोर्स, नियम, कन्सल्टंट, सगळं खुंटीला टांगलं आणि तिला उचलून छातीशी घेतलं. ती माझ्या गळ्याला अशी चिकटली की मला धड श्वास घेता येईना. मला वाटलं, संपलं सगळं. माफ करावं सगळ्यांना.

मी राहिले. रेवा माझ्याजवळ झोपायला लागली, रात्री उठायला लागली, मी तिला घ्यायला लागले. कॉट काढून टाक, विकून टाक, असं अभिजितला दोनदा सांगितलं. "रहने दे यार, काय घाई आहे?" म्हणाला.

पुढच्याच एका रविवारी, दुपारी, रेवाचे कपडे आणायला मी त्या खोलीचं दार उघडलं. कूलर बंद, पंखा बंद, आत नुसती भट्टी. अभिजित कॉट आणि भिंतीच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत, फरशीवर, कुशीवर पडला होता. त्याचा शर्ट पाठीवर दबत होता आणि सुटत होता. दोन सावकाश थापा, थोडं थांबणं, मग एक हलकी.

तो झोपला नव्हता. त्याने मान वळवून मला पाहिलं. दचकला नाही, उठलाही नाही. मला म्हणाला, "बस पाँच मिनट, यार. प्लीज."

मी दार लावून घेतलं.

हे मी माहेरून लिहिते आहे. रेवा शेजारी आहे, छान वजन धरलंय, रात्री उठून मला शोधते. झबलं कशाने दबत होतं, शर्ट कशाने दबत होता, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी हसणार नाही. अभिजितचा फोन येतो. रेवाची चौकशी करतो, मग म्हणतो, "तू ये ना परत, तुला कोण काय बोलतंय?" कोणीच काही बोलत नाही, हे खरं आहे. एवढंच कळतं की रेवाला झोप यावी म्हणून त्याने त्या दुपारी तो टाक पाटावर घेतला नव्हता.

मी पदर पसरून मुलगी परत मागितली. नवराही मागून घ्यावा लागेल, हे मला त्या घरात कुणी सांगितलंच नाही.